हात स्थिर असतील तर थांबायचं

मावशी,

तू गेलीस हे सुजाताला मी ती शाळेच्या बसमधून उतरल्या उतरल्या सांगितलं. सात वर्षांची आहे, तिला कसं सांगायचं म्हणून दिवसभर मनात वाक्यं जुळवत होते. तिने दप्तर खाली ठेवलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "फॉर रिअल?"

तिची चूक नाही. तुझे सिनेमे तिने आमच्या व्हीसीआरवर इतक्यांदा बघितलेत, आणि त्यांत तू इतक्यांदा मेली आहेस! तीनदा गोळी लागून, एकदा विष पिऊन, एकदा बर्फाच्या कड्याखाली. दर वेळी ती स्वयंपाकघरात ओरडत यायची, "मॉम, एल्स्बेथ आजी इज डायिंग अगेन!" आणि शनिवारी तीच एल्स्बेथ आजी आमच्या टेबलाशी बसून, जास्तीचं लिंबू पिळून पोहे खात असायची.

"हो, फॉर रिअल," मी म्हटलं.

तिने दप्तर परत उचललं. मग म्हणाली, "हू वॉज होल्डिंग द बुक?"

वही कोणी धरली होती? त्याचं उत्तर अजून शोधते आहे. ते सापडेल म्हणून लिहायला बसले आहे. तसं निमित्त कांबळे काकूंचंही आहे. आमच्या एडिसन गावातल्या मंडळाची स्मरणिका त्या काढतात. म्हणाल्या, "त्या स्विस नटीबद्दल तूच लिही. तुझ्याइतकी तिला कोण ओळखत होतं? जन्म, गाजलेल्या भूमिका, मानसन्मान, असं व्यवस्थित येऊ दे." मी हो म्हटलं. पण मावशी, तुझे मानसन्मान मला माहीत नाहीत. एक पितळी बाई होती तुझ्याकडे, हात वर केलेली. तिच्या हातात तू गाडीची किल्ली अडकवायचीस.

मला तू माहीत आहेस ती वेस्ट विंडसरच्या लायब्ररीतली. बुधवारचा इंग्रजी बोलण्याचा क्लास. आम्ही नऊजणी, दोन कोरियन आजोबा, आणि समोर निळा स्कार्फ बांधलेली, पंचाहत्तरी ओलांडून ताठ उभी असलेली बाई. तू म्हणालीस, "माझं इंग्रजी चांगलं नाही. ते सुधारेल या भीतीने चाळीस वर्षं मी जपून बोलले. सुधारलं असतं तर मला कामं मिळाली नसती." कोणी हसलं नाही. मी हसले आणि लगेच घाबरून तोंडावर हात ठेवला.

मग फॉर्म वाटले. नाव, पत्ता, शिक्षण. आमच्या मंडळात सगळ्यांना माहीत आहे तसं मी तिथे बी.ए. लिहायला हवं होतं. पेन टेकवलं, उचललं. रकाना रिकामाच ठेवला. फॉर्म गोळा करताना तुझी नजर त्यावर थांबली, आणि पुढे गेली. तेवढ्यासाठीच मी पुढच्या बुधवारी परत आले. तू काही विचारलं असतंस तर मी आलेच नसते.

तिसऱ्या बुधवारी तू मला बाजूला घेतलंस. "बाकीचे आपली पाळी कधी येते ते बघत बसतात. तू ऐकतेस. मला प्रॉम्प्टर हवी आहे."

प्रॉम्प्टर म्हटल्यावर मला पुलगावचं आमच्या वस्तीतलं नाटक आठवलं. तिथला प्रॉम्प्टर विंगेतून इतक्या जोरात वाक्यं द्यायचा, की लोक हिरोच्या आधी टाळ्या वाजवायचे. मी मोडक्या इंग्रजीत ते सांगितलं तर तू भिंतीला टेकून हसलीस. त्या दिवशी मी तुला पहिल्यांदा मावशी म्हटलं, चुकून. एवढ्या वयाच्या बाईला नुसतं नावाने हाक मारायला जीभ उचलेना. "हे काय?" तू विचारलंस. म्हटलं, आईची बहीण. तू म्हणालीस, "तुझ्या आईला बहीण हवी होती का?" हवी होती, मावशी. फार हवी होती. ते पुढे येईलच.

तुझा तो एकपात्री प्रयोग. बंद पडलेल्या लाईनवरच्या एका स्टेशनमास्तरची म्हातारी बायको. गाडी येत नाही, तरी ती रोज फलाट झाडते आणि गेलेल्या नवऱ्याशी बोलते. सव्वा तास तू एकटी. आयुष्यभर पाठांतराचा गर्व बाळगलेली तू, आता मधलीच पानं तुझ्या डोक्यातून निसटायला लागली होती. हे तू फक्त मला सांगितलंस. आणि मी तुला हे सांगितलं नाही, की टाइप केलेलं इंग्रजी वाचायला मला एकेका ओळीला मिनिट लागतं. मी म्हटलं, मला कॅसेट करून दे, मी माझ्या पद्धतीने लिहून घेते. तू सगळं नाटक टेपवर बोललीस आणि मी ते गावाहून आणलेल्या दोनशे पानी वहीत देवनागरीत उतरवलं. वही बघून तू म्हणालीस, "ही तर तारेवर उलटी टांगलेली वटवाघळं. यात माझं नाटक आहे? कुठल्या वटवाघळात?" मी बोट ठेवून वाचून दाखवलं. तू डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालीस, "माझे उच्चारसुद्धा आहेत. माझ्या चुकासुद्धा."

मग दर शनिवारी तुझ्या घरी तालीम. तुझ्या खिडकीतून प्रिन्स्टन जंक्शनच्या गाड्या ऐकू यायच्या, आणि तू म्हणायचीस, "बघ, माझ्या बंद लाईनवर कशी गर्दी आहे!" मधल्या चहाला तुझं आयुष्य तुकड्या-तुकड्याने यायचं. वडील झुरिकला ट्रामवर कंडक्टर. चौदाव्या वर्षी तू थिएटरच्या शिवणखात्यात लागलीस, कॉलर शिवायला. सतराव्या वर्षी तिथल्या प्रॉम्प्टर बाईला खोकला लागला, आणि खोकणारी प्रॉम्प्टर कशी चालेल? तुला रंगमंचाच्या पुढच्या कडेला खालच्या पेटीत बसवलं. फक्त डोकं वर, तेही झाकलेलं. चार वर्षं. "त्या काळातले सगळे मोठे नट मी तळव्यांवरून ओळखते," तू सांगायचीस. युद्धाचे दिवस होते, जर्मनीतून पळून आलेले नट तिथे काम करायचे. एकाच्या बुटाला भोक होतं आणि तो राजा व्हायचा. प्रयोगाआधी तू ते भोक आतून काळ्या कापडाने बुजवायचीस. मग एकदा एक नटी आजारी पडली. सगळं नाटक पाठ असलेली एकच मुलगी होती, ती खाली पेटीत. तिला हाताला धरून वर काढलं.

"आणि मग पेटीत कोण बसलं?" मी विचारलं होतं.

तू कप खाली ठेवलास. "इतक्या वर्षांत हे मला कोणीच विचारलं नाही. कोणीच नव्हतं. पेटी रिकामी होती."

तुझे नियम मला अजून पाठ आहेत. शब्द एकच द्यायचा, वाक्य नाही. माझा श्वास बाहेर पडताना द्यायचा. आणि चेहऱ्याकडे बघायचं नाही. "चेहरा फसवेल, माझा धंदाच तो. हात बघ. मी विसरले असेन तर माझा अंगठा अंगठीचं बोट चोळत असेल. हात स्थिर असतील तर मी विसरलेले नाही, तो पॉज आहे. हात स्थिर असतील तर थांबायचं. कितीही वेळ लागो."

आणि मी काय केलं!

लायब्ररीचा हॉल, दुपारचे दोन, साठेक घडीच्या खुर्च्या भरलेल्या. पुढच्या रांगेत प्रकाश आणि सुजाता. प्रकाश, म्हणजे माझा नवरा, लॅबमधून अर्धी रजा टाकून आलेला. शेवटाकडे ती बाई झाडू टाकते आणि रुळांकडे बघत गप्प उभी राहते. तुझे हात स्थिर होते. मला दिसत होते. पण पाच सेकंद गेले, सहा गेले, सात, आणि मला राहवेना. सगळे गप्प आहेत, आता काहीतरी होणार, कोणीतरी काहीतरी विचारणार. मी शब्द दिला. नुसता दिला नाही, पुलगावच्या प्रॉम्प्टरसारखा दिला. शेवटच्या रांगेतल्या माणसाने मान वळवली.

तू हळूच माझ्या खुर्चीकडे वळलीस, त्या म्हातारीच्याच आवाजात म्हणालीस, "बस पोरी, बस. तुझी गाडी लेट आहे." आणि पुन्हा रुळांकडे बघायला लागलीस. हॉल हसला, टाळ्या पडल्या, आणि मग पहिल्यापेक्षा खोल शांतता झाली. लोकांना वाटलं, हे नाटकातलंच आहे.

तुला घरी सोडताना गाडी मी चालवत होते आणि रडत होते. तुला समजत होतं की मी तुझ्या प्रयोगासाठी रडत नाहीये. "तू शांततेला का घाबरतेस?" एवढंच विचारलंस. मी गाडी एका दुकानाच्या पार्किंगमध्ये घेतली आणि तुला सगळं सांगितलं. आधी इंग्रजीत, मग कुठल्या भाषेत ते मलाही आठवत नाही.

आता हे वाचणाऱ्यांनाही सांगते.

मी आठवी शिकले आहे. आई आजारी पडली, मागे तीन भावंडं, बाबा गिरणीत. आईला ना बहीण, ना नणंद, की कोणी येऊन चार महिने घर सांभाळावं. बाबा म्हणाले, एक वर्ष घरी थांब. ते वर्ष संपलंच नाही. माझ्या बाबांना मी दोष देत नाही. दोन पाळ्या करून त्यांनी भावांना शिकवलं, एक भाऊ इंजिनिअर झाला. दर जूनमध्ये त्यांच्या वह्या-पुस्तकांना कव्हरं मीच घालायचे, आणि घालता घालता वाचून काढायचे. दुसऱ्या घरांत मुलीची शाळा सुटली तर कोणी विचारत नसेल. पण आमच्या घरांत देवघर नाही, पुस्तकांचं कपाट आहे. आमच्यात शाळा सुटणं म्हणजे काय, ते मंडळातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

इथे आलो, तीन वर्षं झाली. पहिल्याच पिकनिकला बुद्धवंदना झाल्यावर ताटं वाढताना कोणीतरी सहज विचारलं, "वहिनी काय शिकल्यात?" मी गप्प. प्रकाश पटकन म्हणाला, "बी.ए." आणि तेव्हापासून मी तुम्हा सगळ्यांना ताटं वाढते आहे, वाढतेच आहे. कोणी क्षणभर गप्प बसलं की मी चटणी पुढे करते, चहा विचारते, कोणाच्या तरी मुलाचे मार्क विचारते. कारण गप्प बसलेला माणूस पुढे काय विचारेल? कोणतं कॉलेज? कोणता विषय?

मावशी, तू ऐकलंस आणि एवढंच म्हणालीस, "मी सहावीनंतर दोन वर्षं, म्हणजे चौदापर्यंत. तू माझ्या बरोबरीची आहेस. आता गाडी सुरू कर, थंडी वाजते."

पुढच्या शनिवारी तुझ्या टेबलावर हायस्कूलच्या बाहेरून द्यायच्या परीक्षेचं जाडजूड पुस्तक होतं. तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते संपलं नाही.

मी म्हणत होते, आधी परीक्षा देते, पास होते, मग सगळ्यांना सांगते. तू म्हणत होतीस, आधी सांग, मग परीक्षा दे. "पास होऊन सांगशील तर तू फक्त जुनी खोटी गोष्ट नव्या कागदाने झाकशील." आठवडेच्या आठवडे हेच. अपूर्णांक शिकवताना हेच, चहा गाळताना हेच. तुला अपूर्णांक येत नव्हते हा भाग वेगळा. आपण दोघी पुस्तकाच्या मागची उत्तरं बघून सुजाताच्या वहीत गणितं ताडून पाहायचो. एक दिवस मी चिडले. म्हटलं, "तुला काय जातंय? तुझ्या धंद्यात खोटं बोललं की टाळ्या मिळतात."

तुझा अंगठा अंगठीच्या बोटाशी गेला. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की ते तुला लागलं.

मग तू मला तो सिनेमा सांगितलास, ज्याने तू तुमच्या देशात घरोघर पोचलीस. डोंगरातल्या खेड्यातली शिक्षिका. लोक तुला पत्रं लिहायचे, आमची मुलगी अभ्यास करत नाही, काय करू? एका गावाने नवी शाळा बांधली आणि उद्घाटनाला तुलाच बोलावलं. नवी टोपी घालून गेलीस. फीत कापली. एका वेणीवाल्या मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या शाळेत शिकून शिक्षिका झालात?" तुझ्याकडे एक क्षण होता. आणि तू एका शाळेचं नाव ठोकून दिलंस. मुलगी म्हणाली, "मीपण तिथेच जाईन."

"तशी शाळाच नव्हती," तू म्हणालीस. "इतक्या भूमिका केल्या, सगळ्यांतली वाक्यं विसरत चालले आहे. तेवढं एक वाक्य विसरत नाही."

मी तरीही माझं म्हणणं सोडलं नाही. आणि टाळ्यांचं ते वाक्य परत घेतलं नाही. वाटलं, शनिवारी घेऊ. शनिवारी पोहे झाले, अपूर्णांक झाले, ते राहून गेलं. मग तू हॉस्पिटलमध्ये.

त्या दुपारी मी गेले तेव्हा तू उशांना टेकून होतीस. मी बाजूला बसले. तू काहीतरी बोलायला सुरुवात केलीस आणि थांबलीस. नर्स वाकून म्हणाली, "पाणी हवंय का?" मी तिला हाताने खुणावलं, थांब. तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. पांढऱ्या चादरीवर तुझे हात होते. स्थिर. मी मोजलं नाही. बाहेर कोणाची तरी ट्रॉली गेली, लिफ्ट वाजली. मी थांबले. किती वेळ, माहीत नाही.

मग तू डोळे न उघडता म्हणालीस, "आज गाडी नाही वाटतं तुझी?"

"नाही मावशी," मी म्हटलं.

"छान."

ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. त्यानंतर दोन दिवसांनी, मी तिथे नसताना, तू गेलीस. शतक संपायला चार वर्षं राहिली आहेत. नवं शतक बघायचं म्हणून तू नव्या टोपीचं चित्रसुद्धा काढून ठेवलं होतंस. तुझ्या घरात सापडलेली नाटकाची वही तुझ्या थिएटरवाल्या मित्रांनी मला परत दिली. ती कोणाची, हे त्यांना वटवाघळांवरून कळलं.

ते टाळ्यांचं वाक्य आता परत घेते, मावशी. उशीर झाला आहे. पण तू मला उशिराने देता येणाऱ्या परीक्षेचं पुस्तक आणून दिलं होतंस, तेव्हा हेही चालवून घे.

काल संध्याकाळी इथपर्यंत लिहून झालं आणि फोन वाजला. कांबळे काकू.

"झाला का गं लेख? सोमवारी टायपिंगला द्यायचाय."

"झालाच आहे, काकू."

"बरं, नावाखाली डिग्री काय लिहू?"

आमच्या स्मरणिकेची ती पद्धतच आहे, मावशी. प्रत्येक नावाखाली डिग्री येते. एम.एस., पीएच.डी., एम.डी. कवितेखालीसुद्धा. आमच्या लोकांनी ती अक्षरं कशी मिळवली ते आम्हालाच माहीत, म्हणून ती छापतात, आणि छापायलाच हवीत.

"बी.ए. ना तुझं?" काकू म्हणाल्या. "विषय कोणता होता?"

मी फोनची वायर बोटाला गुंडाळलेली होती. ती सोडली. हात ओट्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. स्थिर होता, मावशी. खरंच होता.

"काकू, बी.ए. नाही," मी म्हटलं. "मी आठवी शिकले आहे. परीक्षेचा फॉर्म भरलाय, पुढच्या महिन्यात आहे. पण आत्ता आठवी."

पलीकडे काही आवाज येईना. माझ्या जिभेवर तेवढ्यात तीन वाक्यं आली. मुलं कशी आहेत, लेख लांबला का हो, रविवारी काय आणू? एकही बोलले नाही. काकूंचे हात मला दिसत नव्हते, पण त्या विसरलेल्या नाहीत एवढं कळत होतं.

बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, "पास ना?"

"काय?"

"आठवी पास, की नापास?"

"पास. वर्गात दुसरी आले होते."

"मग 'पास' लिहायला नको का? मिळवलेलं आहे ते." आणि पुढे म्हणाल्या, "गणिताला अडलीस तर माझ्याकडे ये. मी कॉलेजात तेच शिकवते, आणि घरात कोणी ऐकत नाही."

फोन ठेवला तर प्रकाश मागे उभा. हातात अर्धी चिरलेली कोबी. "मी बोललो होतो ते तेव्हा," तो म्हणाला. "तुला लाज वाटू नये म्हणून."

"मला वाटलं, तुला वाटते म्हणून."

तीन वर्षं, मावशी! दोघं एकमेकांची लाज सांभाळत बसलो होतो. आम्ही हसायला लागलो तशी सुजाता धावत आली, "व्हॉट? व्हॉट हॅपन्ड?" आणि मला तिचं उत्तर द्यायचं राहिलं होतं ते आठवलं. तिला जवळ बसवून सांगितलं, एल्स्बेथ आजी गेली तेव्हा वही कोणीच धरली नव्हती. गरज नव्हती. तिला सगळं येत होतं.

"अँड यू?" तिने विचारलं. "हू होल्ड्स युवर बुक?"

बघ मावशी, तुझी पेटी रिकामी राहिलेली नाही, आता मीच तिथे बसले आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये एखादं गणित अडलं, तर मी आधी माझ्या हातांकडे बघणार आहे. आणि भांडण तू जिंकलीस. आधी सांगितलं. खाली छापून येईल ते बघ.

तुझी
रंजना
आठवी पास